पुढच्या साथीला जग तयार आहे का? (कपाटातल्या खोक्यावरून सुचलेला धागा)

दुपारची_झोप
परवा ऑफिसातलं जुनं कपाट रिकामं करताना एक खोकं सापडलं. चिकटपट्टीने पक्कं बंद, वर मार्करने 'इमर्जन्सी – विनाकारण उघडू नये' आणि खाली माझीच सही! उघडलं. आत मास्क, एक थर्मल गन, सॅनिटायझरच्या बाटल्या आणि 'आणीबाणीत यांना फोन करा' अशी सहा नंबरांची यादी. मास्कचं इलॅस्टिक जरा ओढलं तर तुटून हातातच आलं. थर्मल गनमधले सेल गळून आतली स्प्रिंग हिरवी पडलेली. सॅनिटायझरची मुदत २०२२ लाच संपलेली.

आधी हसू आलं, मग हसू जरा विरलं, कारण हे खोकं भरलं तेव्हा आपण फार मोठं काम केलं असं मला मनापासून वाटलं होतं. आता पुढची साथ आली तर आपल्याकडे सगळं आहे बरं का, अशा तोऱ्यात मी घरी गेलो होतो.

तर प्रश्न साधा आहे. उद्या काही नवीन आलं तर जग २०२० पेक्षा जास्त तयार आहे का? माझं मत: नाही. खोकी भरली आणि विसरलो. अहवालांच्या लिंका देऊ नका, वाचलेत, सगळ्यांत 'बळकटीकरण' हा शब्द असतो आणि कोण कशाने बळकट होणार ते नसतं. तुम्ही पाहिलेलं, केलेलं लिहा.

अर्धविराम
पहिला! खोक्याचा फोटो हवा होता.

वांगमयचोर
गरज सरो वैद्य मरो. आपल्या पूर्वजांनी अहवाल चार शब्दांत लिहून ठेवलाय.

पिपेट
मी लॅबमध्ये काम करतो म्हणून लिहितो, कुठे ते विचारू नका.

२०२० च्या आधी आमच्याकडे पीसीआरचं (नमुन्यातला विषाणू ओळखायचं) एक मशीन होतं आणि ते चालवू शकणारी दोन माणसं. मग साथ आली, मशिनं आली, माणसं आली, तीन शिफ्टमध्ये काम चालायचं, रात्री दोन वाजता सुद्धा कॉरिडॉरमध्ये गर्दी. दोन वर्षांनी कंत्राटं संपली. ज्या पोरांना आम्ही शिकवून तयार केलं, हात इतका बसला होता की डोळे मिटून प्लेट भरतील, ती सगळी गेली, कोणी औषध कंपनीत तर कोणी चक्क घरं विकायच्या धंद्यात. मशिनं आहेत. प्लास्टिकचे कव्हर घालून ओळीने उभी आहेत. कॅलिब्रेशनचं स्टिकर बघितलं तर तारीख उलटून गेलेली, किट्सची मुदत संपलेली. कोणी पाहणीला आलं की कव्हर काढतो, फोटो होतो, परत घालतो.

त्यामुळे 'क्षमता किती पट वाढली' वगैरे वाचलं की मला ते कव्हर आठवतं. मशीन मोजता येतं, हात मोजता येत नाही.

शेवटचा_बाक
मोजण्यावरून आठवलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये जगातल्या देशांची साथींसाठीची तयारी मोजणारा एक निर्देशांक आला होता, ग्लोबल हेल्थ सिक्युरिटी इंडेक्स. १९५ देश तपासले. पहिला नंबर अमेरिका, दुसरा ब्रिटन. पुढच्या पाच महिन्यांत काय झालं ते सगळ्यांना माहितीच आहे.

लेखी परीक्षेत बोर्डात पहिला, प्रॅक्टिकलला नापास!

साळुंकी
@शेवटचा_बाक, त्या अहवालाच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. कोणताच देश पूर्ण तयार नाही असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पण ते कोण वाचतंय, पहिला नंबर आला ना, झालं.

आडवा_प्रश्न
विरुद्ध मत मांडतो, चपला फेकू नका.

मला हा सगळा 'पुढची साथ येणार' प्रकार थोडा धंदा वाटतो. दर वर्षी कुठल्या तरी पक्ष्याला, माकडाला, उंटाला काहीतरी होतं आणि टीव्हीवर लाल पट्टी. १९७६ विसरू नका. अमेरिकेत फोर्ट डिक्सच्या लष्करी तळावर स्वाइन फ्लू सापडला, एक सैनिक गेला, आणि १९१८ ची फ्लूची महासाथ परत येतेय म्हणून देशभर लसीकरण सुरू केलं. चार कोटींहून जास्त लोकांना लस दिली. साथ आलीच नाही. उलट लस घेतलेल्यांत गिया-बारे सिंड्रोमचे (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) रुग्ण वाढलेले दिसले आणि डिसेंबरमध्ये मोहीम गुंडाळली. ही 'तयारी'च होती ना? प्रत्येक वेळी लांडगा आला रे करून लोकांचा विश्वास गमावला की खऱ्या वेळी कोण ऐकणार?

दुपारची_झोप
@आडवा_प्रश्न चपला नाहीत, मुद्दा चांगला आहे. डॉक्टर मंडळींनी उत्तर द्यावं.

स्टेथो_हरवला
मी डॉक्टर आहे पण संसर्गरोगतज्ज्ञ नाही, तेव्हा जमेल तसं.

१९७६ चा धडा खरा आहे. पण तो 'तयारी करू नका' असा धडा नाही. लस तयार ठेवणं आणि लस टोचायला सुरुवात करणं हे दोन वेगळे निर्णय होते, ते एकत्र घेतले हे चुकलं. साठा करून थांबता आलं असतं, साथ पसरतेय का ते बघून पुढचं ठरवता आलं असतं.

आता दुसरी बाजू. जुलै २०१४, पश्चिम आफ्रिकेत इबोला पेटलेला. लायबेरियाहून एक प्रवासी विमानाने नायजेरियातल्या लागोसला उतरला आणि विमानतळावरच कोसळला. लागोस म्हणजे कोटीच्या पुढे लोकसंख्येचं शहर. मलेरिया म्हणून उपचार सुरू झाले. डॉ. अमेयो अडाडेवो यांना शंका आली, त्यांनी त्याला सोडायला नकार दिला, सोडा म्हणून वरून दबाव येत असताना सुद्धा. पुढे संपर्कात आलेले जवळजवळ ९०० लोक शोधले, रोज घरोघरी जाऊन ताप बघितला. ही माणसं आली कुठून? पोलिओच्या मोहिमेसाठी नेमलेली होती, नकाशे तयार होते, कंट्रोल रूम तयार होती, तीच इबोलाकडे वळवली. एकूण २० रुग्ण, ८ मृत्यू, ऑक्टोबरमध्ये देश इबोलामुक्त. त्या आठांत डॉ. अडाडेवो स्वतः होत्या.

गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत मिळून ११ हजारांवर माणसं गेली. नायजेरियात काही घडलं नाही म्हणून ते आपल्याला आठवत नाही. आडवे पंत, तुमची लाल पट्टी तिथे कधी आलीच नाही.

आडवा_प्रश्न
बरं, हे माहीत नव्हतं. पण मग तुमच्याच उदाहरणावरून 'साथीची तयारी' असं वेगळं खातं काढायची गरजच नाही ना? पोलिओचंच काम नीट चालू ठेवा, बाकी आपोआप.

स्टेथो_हरवला
बराचसा सहमत! कपाटातली तयारी आणि वापरातली तयारी यांत हाच फरक. जी माणसं रोज काहीतरी करतायत तीच वेळ आली की कामाला येतात.

हातमोजे_साईज_सहा
वाचत होते, राहवलं नाही.

नर्स आहे. सगळे पीपीई किट 'आहे की नाही' यावर बोलतात. अहो घालता कोणालाही येतं, काढताना माणूस मरतो. आठ तास आत घामाने निथळून बाहेर आलात, चष्म्यावर वाफ, नाकावर दोन्ही बाजूंनी वळ, कधी एकदा फेकतोय असं झालेलं, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यात सावकाश हलायचं असतं. आधी बाहेरचे हातमोजे, मग गाऊन आतून बाहेर गुंडाळत, बाहेरच्या बाजूला हात लागता कामा नये, प्रत्येक टप्प्याला हात निर्जंतुक, मास्क सगळ्यात शेवटी, तो पण मागच्या पट्ट्या धरून. समोर एक जण नुसतं बघायला उभा हवा, जो मोठ्याने एकेक पायरी सांगेल आणि तुमचा हात चेहऱ्याकडे गेला की ओरडेल. २०२० मध्ये आमच्याकडे किट आली, बघायला उभं राहणारं माणूस नाही आलं. माझ्या बरोबरच्या मुलीने थकून मास्कला समोरून हात लावला, मी बघितलं, मी ओरडले नाही कारण मी स्वतः अर्धवट झोपेत होते. ती आजारी पडली. त्यानेच पडली का दुसऱ्या कशाने ते काही सांगता येत नाही, ती बरी झाली. पण ते माझ्या डोक्यातून जात नाही.

सराव किती वेळा झाला त्यानंतर? एकदा. तोही पीपीटी दाखवून.

२०१४-१६ च्या इबोलात ५०० हून जास्त आरोग्य कर्मचारी गेले आणि त्या देशांत आधीच डॉक्टर-नर्स मोजके. एक नर्स गेली की तिच्या मागे पुढची कित्येक वर्षं रिकामी जातात, ती कुठल्या गोदामातून मागवता येत नाही.

साळुंकी
@हातमोजे, काय लिहिलंय. वाचून गप्प बसले.

वांगमयचोर
वातावरण गंभीर झालं म्हणून अवांतर. 'क्वारंटाइन' हा शब्द इटालियन 'क्वारंता' म्हणजे चाळीस यावरून. १३७७ मध्ये रागुसा, म्हणजे आजचं दुब्रोव्हनिक, यांनी प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना ३० दिवस बाहेर ठेवायचा नियम केला, पुढे त्याचे ४० झाले. चाळीसच का तर धार्मिक कारणं असावीत असं म्हणतात.

म्हणजे साडेसहाशे वर्षांपूर्वी जे कळलं होतं त्यावर आपण २०२० मध्ये टीव्हीवर तावातावाने वाद घातला.

अर्धविराम
३० चे ४० झाले म्हणजे तेव्हाही मुदतवाढ मिळायची.

उगाच_काहीतरी
मुळात वटवाघळं मारून टाकली तर निम्मे रोग संपतील. निपा, मारबर्ग, सार्स सगळ्यांचं मूळ तिथेच. कोणी बोलत नाही यावर.

किडा_मुंगी
@उगाच_काहीतरी नावाला जागलात :) हे करून झालंय.

२००७ मध्ये युगांडात किटाका नावाच्या खाणीत खाणकामगारांना मारबर्ग (इबोलाचाच भाऊबंद) झाला. त्यानंतर खाणीतली वटवाघळं मारून, हुसकून संपवली. पुढच्या काही वर्षांत बाहेरून नवीन वटवाघळं आली आणि २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी तपासली तर त्यांच्यात विषाणूचं प्रमाण आधीच्या दुपटीहून जास्त! त्याच वर्षी त्या भागात पुन्हा साथ. आधीच्या वटवाघळांत आजार होऊन गेलेली, प्रतिकारशक्ती असलेली बरीच होती. ती गेली, जागा रिकामी झाली, नवीन आली त्यांच्यात प्रतिकारशक्ती नसलेली जास्त, असा अंदाज आहे.

निपाचं पण तेच. १९९८-९९ मध्ये मलेशियात वटवाघळाकडून डुकरांना, डुकरांकडून माणसांना. फळबागा आणि डुकरांचे गोठे शेजारी शेजारी, वर झाडावर वटवाघूळ फळ खातंय, खाली उष्टं पडतंय. शंभरावर माणसं गेली, दहा लाखांच्या आसपास डुकरं मारावी लागली. आधी जपानी मेंदूज्वर समजून डास मारत बसले होते. वटवाघूळ बिचारं कोट्यवधी वर्षं तिथेच लटकलंय, गोठा आपण त्याच्या खाली नेला.

उगाच_काहीतरी
बरं बाबा, वटवाघूळ माफ.

शेवटचा_बाक
किडा_मुंगी यांच्याशी सहमत आणि जोडून सांगतो, माणसांचे डॉक्टर आणि जनावरांचे डॉक्टर एकमेकांशी बोलतच नाहीत. २०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेत टेक्सासकडे गायी अचानक चारा खाईनात, दूध घटलं, जे यायचं ते घट्ट पिवळसर. नेहमीच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह. मग लक्षात आलं की त्या गोठ्यांवर कच्चं दूध प्यायलेल्या मांजरी मरतायत. मांजरींवरून धागा लागला आणि मार्चमध्ये निघालं एच५एन१, बर्ड फ्लू, गायींत! फ्लू आणि गाय हे समीकरण कोणाच्या डोक्यातच नव्हतं. पहिली घंटा वाजवली ती गोठ्यावरच्या पशुवैद्यांनी.

पिपेट
हेच. पहिली घंटा वाजवणारा माणूस. मी मघाशी मशिनांवर घसरलो पण खरा मुद्दा इथे आहे.

आम्हाला एकदा नमुना आला, नाव-गाव काही सांगत नाही. बाहेरचं खोकं, आत घट्ट झाकणाचा डबा, त्यात कापसात गुंडाळलेली नळी, सगळं नियमाप्रमाणे. पण नळीवरचं नाव साध्या पेनने लिहिलेलं आणि बाहेरून स्पिरिटने पुसल्यामुळे सगळी शाई पसरलेली. फॉर्मवर एक नाव, नळीवर निळा डाग. नियमाने नाकारायला हवा. मी पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन केला, आवाजावरून अगदी तरुण मुलगी. म्हणाली, सर प्लीज परत पाठवू नका, हा पाठवला म्हणूनच मला सीनियर बोललेत, उगाच घबराट पसरवतेस म्हणून. पुन्हा पाठवायला परवानगी मिळणार नाही.

आम्ही दुसऱ्या मार्गाने खात्री केली, तपासणी केली, काही भयंकर निघालं नाही. साधा आजार. पण मला प्रश्न पडला की ती पोरगी पुढच्या वेळी नमुना पाठवेल का? बोलणी खाऊन, शिवाय निगेटिव्ह आल्यावर?

साळुंकी
आणि पिपेट, तीच गोष्ट देशांच्या पातळीवर होते. २४ नोव्हेंबर २०२१ ला दक्षिण आफ्रिकेने नवीन व्हेरिएंटची माहिती जागतिक आरोग्य संघटनेला दिली. त्यांच्या लोकांनी किती झपाट्याने काम केलं होतं! दोन दिवसांत त्याचं ओमिक्रॉन असं बारसं झालं आणि तेवढ्यात देशोदेशींनी दक्षिण आफ्रिकेची विमानं बंद केली. विषाणू तोवर इतर देशांत पोचलेला होताच. मग पुढच्या वेळी कोणता देश आधी हात वर करेल? वर्गात खरं बोललं म्हणून बाकावर उभं केल्यासारखं आहे हे.

स्टेथो_हरवला
नियम तर आहेत. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली, २००५ ची, २००७ पासून लागू, १९६ देश त्यात. गंभीर शंका आहे असं ठरल्यापासून २४ तासांत कळवायचं. पण कळवणाऱ्याच्या नुकसानभरपाईचं त्यात काही नाही. आणि न कळवणाऱ्याला शिक्षा पण नाही. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायचा ठराव एकमताने मंजूर.

कारकून_क्र_२
मी ठराव, मसुदे या क्षेत्रातला (भाषांतर करतो, माझ्या हातात काही नसतं), म्हणून थोडं कायद्याचं.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्षिक परिषदेत महासाथ करार मंजूर झाला. तीन वर्षांहून जास्त वाटाघाटी. समितीत १२४ देश बाजूने, विरोधात कोणी नाही, ११ तटस्थ. अमेरिका खोलीतच नव्हती, त्यांनी जानेवारी २०२५ मध्येच संघटनेतून बाहेर पडायची नोटीस दिली होती. आता यातली गंमत म्हणजे, करार मंजूर झाला पण त्याचं सगळ्यात कळीचं परिशिष्ट बाजूला काढून ठेवलं. ते ठरल्याशिवाय करार सह्यांना खुला होत नाही, आणि ६० देशांनी रीतसर मान्यता दिल्याशिवाय लागू होत नाही.

परिशिष्ट कशाचं? जंतू मला दे, बदल्यात लस तुला देतो, याचं. ढोबळमानाने असं की देशांनी विषाणूचे नमुने आणि जनुकीय माहिती पटकन द्यायची आणि त्यावर लस-औषधं बनवणाऱ्या कंपन्यांनी साथीच्या काळात उत्पादनाच्या २० टक्क्यांपर्यंत माल संघटनेला उपलब्ध करायचा, त्यातला निदान १० टक्के फुकट.

हे भांडण जुनं आहे. २००७ मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने द्यायला नकार दिला होता. विषाणू आमच्याकडून जातो, त्यावरून बाहेर लस बनते आणि ती आम्हालाच परवडत नाही, हा कुठला न्याय, असं म्हणून. तेव्हा त्यांच्यावर खूप टीका झाली. पण त्यातूनच २०११ मध्ये फ्लूपुरता तरी नमुने आणि लाभ वाटून घ्यायचा आराखडा तयार झाला. फ्लूपुरता. करोना त्यात बसत नव्हता.

आडवा_प्रश्न
इंडोनेशियाचं बरोबरच होतं की! मी तिथे असतो तर मीही दिले नसते.

स्टेथो_हरवला
@आडवा_प्रश्न इथे मात्र आपण दोघं एका बाकावर आणि मला त्याची भीती वाटतेय.

राग न्याय्य होता, पण नमुने अडकले की नुकसान सगळ्यांचं होतं. जानेवारी २०२० मध्ये विषाणूचा जनुकीय क्रम ११ तारखेला जाहीर झाला आणि १६ मार्चला अमेरिकेत पहिल्या स्वयंसेवकाला चाचणीतली लस टोचली. दोन महिने पाच दिवस. क्रम महिनाभर कोणाच्या ड्रॉवरमध्ये राहिला असता तर सगळंच महिनाभर पुढे गेलं असतं.

दुपारची_झोप
म्हणजे या बाबतीत तरी आपण जास्त तयार आहोत असं म्हणायचं का? लस बनवण्याच्या?

स्टेथो_हरवला
बनवण्याच्या हो, नक्कीच. सेपी नावाची संस्था २०१७ पासून यावरच काम करतेय, आता तर १०० दिवसांत लस असं ध्येय ठेवलंय. रवांडाचं बघा. २७ सप्टेंबर २०२४ ला मारबर्गची साथ जाहीर झाली, लागण झालेले बहुतेक रुग्णालयातलेच कर्मचारी. मंजूर लस नाही, मंजूर औषध नाही. तरी दहा दिवसांच्या आत चाचणीतली लस तिथे पोचली आणि टोचायला सुरुवात झाली, कारण कुप्या आधीच भरून ठेवलेल्या होत्या आणि कागदपत्रं कोणीतरी साथ नसतानाच तयार ठेवली होती. ६६ रुग्ण, १५ मृत्यू. मारबर्गमध्ये पूर्वी ८८ टक्क्यांपर्यंत माणसं गेलीयत, इथे साधारण २३. याचं श्रेय लसीपेक्षा चांगल्या अतिदक्षता उपचारांना आणि लवकर शोधून काढण्याला जास्त जातं. खाणीपर्यंत, तिथल्या वटवाघळांपर्यंत माग काढला त्यांनी. (आणि हो, वटवाघळं मारली नाहीत.)

उगाच_काहीतरी
मला टोमणा कळला.

हातमोजे_साईज_सहा
बनवणं ठीक आहे हो, पण पोचवणं? इबोलाच्या एका लसीला उणे ६० च्या खाली ठेवावं लागतं. जिथे दिवसातून चार तास वीज तिथे काय करणार? आणि पोचली तरी लोक घेतील का? पश्चिम आफ्रिकेत सुरुवातीला पांढऱ्या सूटमधली माणसं येऊन मृतदेह पिशवीत घालून न्यायची, घरच्यांना तोंडसुद्धा बघू द्यायची नाहीत. लोकांनी आजारी माणसं लपवली, पथकांवर दगड पडले. नंतर पद्धत बदलली. सुरक्षित आणि 'सन्मानाने' दफन असा शब्द आला, घरच्यांना अंतरावरून प्रार्थना करू दिली, त्यांचा धर्मगुरू बरोबर घेतला. तेव्हा लोक स्वतः फोन करून बोलवायला लागले. यासाठी कुठलं फ्रीझर लागलं नाही.

खिडकीतला_उजेड
उशिरा आले धाग्यावर. एक उदाहरण कोरियाचं द्यायचं होतं.

२०१५ मध्ये दक्षिण कोरियात एका प्रवाशाकडून मर्स (करोनाच्याच कुळातला श्वसनाचा आजार) आला. १८६ रुग्ण, ३८ मृत्यू. एका मोठ्या रुग्णालयाच्या गच्च भरलेल्या इमर्जन्सी विभागात एकाच रुग्णाकडून ८० हून जास्त जणांना लागण झाली होती. कोणत्या रुग्णालयात रुग्ण आहेत हे सरकारने सुरुवातीला लपवलं, लोक भडकले. त्यानंतर त्यांनी कायदे बदलले, आणीबाणीत टेस्ट किटला झटपट परवानगी द्यायची सोय केली. म्हणून जानेवारी २०२० मध्ये देशात मोजून चार रुग्ण असताना त्यांनी कंपन्यांना एका रेल्वे स्टेशनच्या सभागृहात बोलावून सांगितलं की किट करायला लागा, परवानगीचं आम्ही बघतो. पहिलं किट आठवडाभरात मंजूर.

ज्याला चटका बसलाय तोच भांडं फडक्याने धरतो.

आडवा_प्रश्न
पण मग चटक्यालाही एक्सपायरी डेट असतेच की. २००९ च्या स्वाइन फ्लूत अमेरिकेच्या राष्ट्रीय साठ्यातून कोट्यवधी एन९५ मास्क वाटले. परत पूर्ण भरलेच नाहीत, कारण पुढची अकरा वर्षं काही झालं नाही. कोरियाला पाचच वर्षांत दुसरी परीक्षा आली म्हणून धडा ताजा होता. वीस वर्षांनी आली असती तर त्यांचंही तुमच्या त्या खोक्यासारखंच झालं असतं.

खिडकीतला_उजेड
हे पटलं. खरंच पटलं.

शेवटचा_बाक
आडवे पंत हळूहळू तयारीवाल्यांच्या बाजूला सरकतायत याची नोंद घ्यावी.

आडवा_प्रश्न
मी होतो तिथेच आहे, बाक सरकलाय.

कोरडी_विहीर
एक बारीक मुद्दा. सांडपाणी. कोणाला नमुना पाठवायचं धाडस होवो न होवो, गटार खोटं बोलत नाही. २०२२ मध्ये लंडनच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला, एकही लुळा पडलेला रुग्ण नसताना. लगेच लहान मुलांना जादा डोस दिले. कोणाची परवानगी नको, कोणाची बदनामी नको, घबराट पसरवतेस म्हणून कोणी ओरडायला नको.

पिपेट
@कोरडी_विहीर सहमत, पण गटाराला आपण जे विचारू तेवढंच ते सांगतं. पोलिओ शोधला म्हणून पोलिओ सापडला. नवीन काही असेल तर 'हे नेहमीसारखं दिसत नाही' असं वाटणारा माणूस लागतोच. देवी संपल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं, त्याआधीही शेवटी दारोदार फोटो दाखवत फिरणारी माणसंच होती, असा पुरळ कोणाला आलाय का म्हणून. खबर देणाऱ्याला बक्षीस होतं. बक्षीस! खोटी निघाली तरी कोणी ओरडत नव्हतं, जाऊन बघून यायचे.

हातमोजे_साईज_सहा
बक्षीस राहू द्या, निदान ओरडू नका एवढं झालं तरी मी म्हणेन की आपण तयार आहोत.

अर्धविराम
एक विचारू? मूळ प्रश्न 'हो की नाही' होता. मोजणी करून टाकू.

साळुंकी
लस हो, माणसं नाही.

किडा_मुंगी
विज्ञान हो, गोठा नाही.

कारकून_क्र_२
परिशिष्ट प्रलंबित.

पिपेट
मशिनं हो. माझं बाकीचं वर लिहून झालंय.

दुपारची_झोप
सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. मी 'नाही' म्हणून धागा काढला होता, आता नुसतं 'नाही' म्हणवत नाही. रवांडा आणि नायजेरिया वाचून जरा ओशाळलोच.

खोक्याचं पुढे काय झालं ते सांगतो. मास्क, बाटल्या टाकून दिल्या. नवीन आणायच्या आधी म्हटलं ती सहा फोन नंबरांची यादी तरी तपासू. पहिले दोन नंबर अस्तित्वात नाहीत. तिसरा लागला, ते गृहस्थ २०२३ लाच निवृत्त झालेत, अर्धा तास बोलले, खूश झाले कोणीतरी आठवण काढली म्हणून. चौथा कोणी उचलत नाही. पाचवा एका वेगळ्याच बाईंना लागला, त्यांनी मला झापलं.

पिपेट
आणि सहावा?

दुपारची_झोप
सहावा लावला तर टेबलाच्या ड्रॉवरमधून घुर्र घुर्र आवाज यायला लागला. माझाच ऑफिसचा जुना फोन.

अर्धविराम
उचललात की नाही?